आधी उतार, मग चढ

चकलांब्याच्या शिवारात उभे राहिले की नजर कुठे अडत नाही. कपाशी, तूर, बाजरी, कालव्याचे पाणी पोचते तिथे ऊस, आणि उत्तरेला गोदावरीचा सखल काठ. अशा सपाट मुलखात वाढलेल्या माणसाला दरी म्हणजे काय हे पहिल्यांदा कळते ते सौताड्याच्या कड्यावर. शिरूर कासारवरून पाटोदा गाठावे, तिथून जामखेडच्या रस्त्याला लागावे. दोन्ही बाजूंना आपल्यासारखाच माळ, तशीच ज्वारीची रानं. आणि मग एकाएकी पायाखालची जमीन संपते. विंचरणा नदी माळावरून निवांत वाहत येते आणि त्या काठावरून सरळ खाली उडी घेते. खाली झाडांचा गच्च पट्टा, त्यात रामेश्वराचे देऊळ, आणि दोन्ही अंगांना काळे कातळ.

पावसाळ्यातल्या रविवारी गेवराई, उमापूर, मादळमोही, चकलांबा या भागातून तिथे मोटारसायकलींची रांग लागते. बहुतेक जण धबधबा बघतात, फोटो काढतात, भजी खातात आणि परततात. त्यात काही गैर नाही. पण थोड्यांना वाटते की ही दरी पायांनी बघावी, एका बाजूने उतरून दुसऱ्या बाजूने वर यावे, दिवसभराची फेरी करावी. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आपल्याकडे डोंगरात फिरायला शिकलेली बहुतेक मंडळी गडावर शिकलेली असतात. देवगिरी, धारूर, नाहीतर पुण्याला शिकायला गेल्यावर सिंहगड. गडाचे गणित सोपे असते. सकाळी ताज्या पायांनी, थंड हवेत चढायचे आणि दमल्यावर उतरायचे. मध्येच थकवा आला तर मागे फिरणे म्हणजे उतारच. दरीचे गणित याच्या अगदी उलटे आहे. इथे सकाळी सगळे सोपे वाटते, कारण उतार असतो. अवघड भाग राखून ठेवलेला असतो तो दुपारच्या उन्हासाठी, रिकाम्या बाटलीसाठी आणि दुखऱ्या गुडघ्यांसाठी. आणि मागे फिरायचे म्हटले तरी चढच असतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. ऑक्टोबरातल्या एका दिवशी आम्ही चौघे अकरा वाजता दरीत उतरलो होतो. प्रत्येकाकडे एक लिटरची बाटली. खाली गारवा होता, ओढा वाहत होता, दोन तास कसे गेले कळले नाही. दीडला वर यायला निघालो आणि निम्म्यात आमच्यातल्या एकाच्या पोटऱ्यांना गोळे आले. कातळ तव्यासारखा तापलेला, सावली एका पळसाची आणि तीही हातभर. बाटल्या केव्हाच संपलेल्या. शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या मामांनी आपल्या किटलीतले पाणी त्याला पाजले, पाय चोळून दिले आणि रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, ‘खाली कुनीबी जातं लेकरा. वर कसं यायाचं ते इचारून जावं.’ दरीच्या फेरीबद्दल मला आज जे ठाऊक आहे, ते सगळे या एका वाक्यापासून सुरू होते.

आधी ही दरी आहे तरी काय ते समजून घ्यावे, कारण धोके तिच्या घडणीतच आहेत. बालाघाट ही सह्याद्रीतून निघून पूर्वेकडे गेलेली डोंगररांग. सारा खडक बसाल्टचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला लाव्हारसाचे थरावर थर साचून तो बनला. हे थर सारखे नाहीत. एक घट्ट, काळा, हातोड्याला दाद न देणारा. त्याच्याखालचा सच्छिद्र, मऊ, हाताने कुरतडला जाणारा. मध्येच कुठे तांबड्या मातीची पट्टी. वरून पडणारे पाणी खालचा मऊ थर आतून खाते, वरचा कठीण थर छज्ज्यासारखा पुढे राहतो आणि एक दिवस तुटून पडतो. धबधबा असा वर्षानुवर्षे मागे सरकत जातो आणि त्याच्या मागे दरी लांबत जाते.

यातून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या. ज्या कड्यावर उभे राहून तुम्ही खाली वाकता, त्याच्या पोटात पोकळी असू शकते. वरचा थर तर पुष्कळदा मुरमाचा असतो आणि मुरमावर बूट असा सरकतो की जणू खाली ज्वारी सांडली आहे. कड्यापासून निदान दोन पुरुष अंतर राखावे, वाकून बघायचेच असेल तर पोटावर झोपून बघावे. दुसरी गोष्ट, धबधब्याच्या अगदी पायथ्याशी, कड्याला पाठ लावून बसू नये. पावसात वरून सुटणारे दगड तिथेच पडतात. आधी पडलेल्यांचा ढीग समोर दिसतोच.

आणखी एक गंमत या भागात आहे, ती नकाशावर बोट ठेवून बघण्यासारखी. पाटोदा तालुका हा पाण्याचा दुभाजक आहे. गवळवाडीजवळ उगम पावणारी मांजरा ७२४ किलोमीटर वाहून गोदावरीला मिळते. सिंदफणा आणि बिंदुसराही याच डोंगरातून निघून गोदावरीकडे जातात. विंचरणा मात्र उलट्या दिशेला वळते, सीनेला मिळते, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. त्या माळावर काही कोसांच्या अंतराने पडलेले दोन थेंब समुद्राला मिळेपर्यंत पुन्हा भेटत नाहीत. फेरीला निघताना मुलांना हे जरूर दाखवावे.

आता फेरी कशी आखायची.

पहिल्या खेपेला दरीत उतरूच नये, हा माझा आग्रह आहे आणि तो बहुतेकांना आवडत नाही. पहिला दिवस कडेच्या फेरीचा. माथ्यावरून, कड्यापासून अंतर ठेवून, दरीला जमेल तेवढा वेढा घालायचा. वरून दरी नकाशासारखी उलगडते. ओढा कुठून वळतो, झाडी कुठे दाट आहे, कुठल्या नळीत दगडांचा खच पडला आहे, कुठली ढोरवाट खालपर्यंत अखंड जाते आणि कुठली मध्येच कातळाशी संपते, हे सगळे वरून दिसते. खाली गेल्यावर यातले काही दिसत नाही. खाली दिसतात फक्त झाडे आणि वर पातळ आभाळ. बरोबर वयस्क माणसे किंवा दहा-बारा वर्षांखालची मुले असतील तर कडेची फेरी हाच पूर्ण दिवस मानावा. त्यात उणे काही नाही.

दुसऱ्या खेपेला उतरायचे. इथे एक नियम आहे, तो मोडला की माणसे अडकतात. उतरताना ओळखीचीच वाट घ्यावी. नवी वाट शोधायची असेल तर ती चढताना. कारण असे की अनोळखी नळीने उतरत गेलात आणि खाली पुरुषभर उंचीचा कातळ लागला, तर माणूस म्हणतो, एवढे उतरलोच आहोत तर उडी मारू. उडी मारल्यावर पुढे आणखी एक कातळ निघतो. आता खाली जाता येत नाही आणि वरही येता येत नाही. चढताना असा कातळ लागला तर मुकाट्याने मागे फिरून ओळखीच्या वाटेने वर यायचे असते. त्यासाठी नव्या वाटेला किती वेळ द्यायचा हे खाली बसून, घड्याळ बघून आधीच ठरवावे. पाऊण तासात माथा दिसला नाही तर परत, असे एकदा ठरले की ठरले. तिथे ‘अजून थोडे’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये.

सावलीचा हिशेब तर फुकटचा फायदा आहे. दरी साधारण उत्तर-दक्षिण असेल तर सकाळी पूर्वेकडचा कडा स्वतःच्या सावलीत असतो आणि दुपारी पश्चिमेकडचा. म्हणून सकाळी पूर्वेच्या अंगाने उतरावे, दुपारी पश्चिमेच्या अंगाने चढावे. दरी पूर्व-पश्चिम असेल तर हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा दक्षिणेकडच्या कड्याची उत्तरेला तोंड केलेली बाजू बराच वेळ थंड राहते. चढ तिकडून ठेवावा. झाडीही त्याच बाजूला दाट असते. गुराखी शेळ्यांना दुपारी कुठल्या अंगाला घालतो ते बघितले तरी हे सगळे कळते.

वेळेचा अंदाज बांधायला १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने सांगितलेला आडाखा अजून चालतो. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर धरा आणि चढाच्या प्रत्येक सहाशे मीटरला एक तास जास्त जोडा. पण तो आडाखा थंड मुलखातल्या, पाऊलवाटेवर चालणाऱ्या कणखर माणसासाठी आहे. आपल्याकडच्या उन्हात, दगडगोट्यांच्या ओढ्यातून जाताना सरळ दुप्पट वेळ धरावा. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आतच सूर्य मावळतो, आणि दरीच्या तळाचे ऊन त्याच्याही तासभर आधी निघून जाते. त्यामुळे हिवाळ्यात एक वाजता, फार तर दीड वाजता, तळ सोडून चढाला लागलेले असावे. मग माझ्यासारखी दुपारच्या उन्हात फजिती होणार नाही का? होईल, जर सकाळी अकराला उतरलात तर. चकलांब्याहून पहाटे पाचला निघून साडेसातपर्यंत कड्यावर पोचणे आणि आठला उतरायला लागणे, हा त्यावरचा उपाय. अकरा-साडेअकराला चढाला लागणे सगळ्यात उत्तम. जेवण माथ्यावर येऊन करावे. खाली पोटभर जेवून चढायला लागलेला माणूस मध्येच बसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सौताड्याला उतरायची रूढ वाट देवळाकडे जाणारी. नवख्याने तिनेच उतरावे आणि, गावात विचारून दुसऱ्या वाटेची खात्री झाली नसेल, तर तिनेच वर यावे. फेरी पूर्ण करण्याच्या हट्टापेक्षा ते बरे. देवळाच्या परिसरात मोठ्याने गाणी लावू नयेत, कुंडात साबण लावू नये. श्रावणी सोमवारी इथे भाविकांची दाटी असते. त्या दिवशी जायचे तर दर्शनाला जावे, भटकंतीला नाही.

बीडच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याजवळ कपिलधार आहे. वीरशैव परंपरेतले मोठे संतकवी, ‘परमरहस्य’ लिहिणारे मन्मथस्वामी यांची तिथे समाधी आहे आणि तिला लागूनच धबधबा. दरी सौताड्यापेक्षा अधिक मोकळी वाटते, वावरही जास्त, म्हणून घरच्यांना घेऊन पहिली कडेची फेरी करायला हे ठिकाण मला जास्त सोयीचे वाटते. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि कर्नाटक-तेलंगणातूनही दिंड्या येतात. तेव्हा रस्ते भरलेले असतात. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे निघाले की नायगाव मयूर अभयारण्याचा भाग लागतो. १९९४ साली घोषित झालेले, सुमारे तीस चौरस किलोमीटरचे. तिथे मनाला येईल तशी फेरी आखता येत नाही. वनखात्याच्या माणसांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या वाटेनेच आणि उजेडातच जायचे. गळून पडलेले मोरपीसही तिथून उचलू नये. मोराची केका ऐकायची तर आषाढ-श्रावणात, सकाळी.

आणि अंबाजोगाईचे मुकुंदराज. ‘विवेकसिंधु’ हा शके १११० चा, म्हणजे ११८८ चा ग्रंथ मराठीतला आद्य ग्रंथ मानला जातो. त्याच्या कर्त्याची समाधी शहराबाहेर बालाघाटाच्या एका दरीत, कातळाच्या कुशीत आहे. अंतर चकलांब्याहून बरेच पडते, एका दिवसात जाऊन-येऊन चालणे म्हणजे दगदग. पण मुक्काम करणार असाल तर पहाटेची वेळ त्या दरीसाठी ठेवा. मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाने तिथे एकदा गाड्यांचा गोंगाट सुरू होण्याआधी जाऊन बसावे.

आता ऋतू. आपला मुलूख पर्जन्यछायेतला, त्यामुळे जूनमध्ये सह्याद्रीत धबधबे सुरू झाले तरी आपल्याकडचे कोरडेच असतात. खरा पाऊस बहुधा ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात, तोही परतीचा, विजांसह, दुपारनंतर फुटणारा. धबधबा बघायचा तर हाच काळ, आणि दरीत उतरायला सगळ्यात वाईटही हाच. २०२५ च्या सप्टेंबरात बीड जिल्ह्याने काय पाहिले ते अजून ताजे आहे. कोरडे म्हणून ओळखले जाणारे ओढे घरात शिरले. दरीतल्या ओढ्याला पूर येण्यासाठी दरीत पाऊस पडावा लागत नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असेल आणि चार कोसांवर माळावर ढग फुटला असेल, तर ते पाणी सगळे तुमच्याच अंगावर यायचे असते. म्हणून पाण्याकडे बघत राहावे. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झाले, त्यात पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्या, ओढ्याचा आवाज जडावला, तर बॅग भरत बसू नये. असाल त्या जागेवरून आडवे, उतारावर वर चढावे. ओढ्याच्या दिशेने खाली पळू नये, पाणी माणसापेक्षा वेगाने येते. पलीकडच्या काठावर अडकलात तर अडकून राहावे. असे लोंढे बहुधा काही तासांत ओसरतात. गुडघ्याच्या वर आलेले वाहते पाणी ओलांडायला जाणारा माणूस मात्र परत मिळेलच असे नाही.

विजेचाही तेवढाच धाक हवा. सपाट माथ्यावर आपणच सगळ्यात उंच असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असावे, पण दरीत रेंज जाते, म्हणून ते निघण्याआधी बघावे. दुपारी पश्चिमेला ढग रचायला लागले की कडा सोडावा, एकट्या झाडाखाली थांबू नये. एकूण सांगायचे तर पाण्यासाठी सप्टेंबरात जा आणि कड्यावरच थांबा. उतरण्यासाठी दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर जा. तेव्हा ओढा बारीक वाहतो, कातळ कोरडा असतो, हवा गार असते. फेब्रुवारीनंतर गवत वाळते, वणव्यांचे दिवस येतात, आणि मार्चनंतर या दरीत दुपारी चालणे हे आजाराला दिलेले आमंत्रण आहे.

डोहाबद्दल एकच वाक्य: पोहता येत असो वा नसो, धबधब्याखालच्या डोहात उतरू नका.

दिवाळीनंतरच्या जंगलाची स्वतःची खोड असते, ती कुसळांची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात माथ्यावरचे गवत पिकते आणि त्याची कुसळे मोज्यातून आत शिरून घोट्याला टोचत राहतात. जाळीदार खेळाचे बूट त्यासाठी सगळ्यात वाईट. घट्ट विणीची पूर्ण पँट आणि तिचे टोक मोज्याबाहेर, असे घालावे. बुटाचा तळ खोल नक्षीचा असावा आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर तर त्याचाही भरवसा धरू नये. ओल्या दगडापेक्षा उथळ पाण्यातला खरबरीत तळ बरा. तपकिरी, मखमली लव असलेल्या शेंगा वेलीवर लटकलेल्या दिसल्या तर ती खाजकुहिली. चुकून लागलीच तर चोळू नये, चोळले की पसरते. ओल्या मातीचा लेप देऊन तो वाळू द्यावा, खरवडून काढावा, मग धुवावे.

कड्याच्या कपारींत आग्या मोहळाची पोळी असतात. वरून पाहिलेल्या नकाशात तीही टिपून ठेवावीत. अत्तर, शेकोटी, विडी आणि दगड मारणारा मित्र, या चार गोष्टी बरोबर नेऊ नयेत. माश्या उठल्याच तर हात झाडू नयेत. तोंड-मान कपड्याने झाकून, पाय कुठे पडतात ते बघत, पोळ्यापासून दूर आणि शक्य तर दाट झुडपात जावे. कड्याच्या दिशेने पळू नये, हे वेगळे सांगायला नको, पण घाबरलेला माणूस नेमका तिकडेच पळतो.

साप दिसला तर उभे राहून त्याला जाऊ द्यावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप आपल्या मुलखात आहेत आणि त्यांतले फुरसे तर दगडाखालीच बसते, म्हणून दगड धरताना आधी काठी फिरवावी, मग हात घालावा. चावलाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून बांधू नये. चावलेला हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये, उचलून वर आणावे आणि १०८ ला फोन करावा. सापाच्या विषावरचे प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळते, भगताकडे मिळत नाही. कड्याजवळ रेंज कुठे येते ती जागा जाताना बघून ठेवली असेल तर अशा वेळी अर्धा तास वाचतो.

बिबट्याचे काय, असे हल्ली सगळे विचारतात. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, तेव्हापासून ही भीती खरी आहे. दिवसाउजेडी, चार-पाच जणांनी, बोलत चालावे. मुलाला सगळ्यात मागे किंवा एकटे पुढे ठेवू नये. ओढ्याकाठच्या झाडीत वाकून बसू नये. बिबट्या दिसला तर पाठ न दाखवता, मुलाला उचलून, उंच होऊन, आवाज करत मागे सरावे. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फोनमध्ये घालून ठेवावा.

पाणी माणशी तीन लिटर, ऑक्टोबरात चार. त्यातले एक लिटर चढासाठी, आणि तळ सोडेपर्यंत त्या बाटलीचे बूच उघडायचे नाही. एका लिटरमध्ये सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घरीच केलेले पाणी महागड्या बाटल्यांपेक्षा काकणभर सरस. ओढ्याचे पाणी वरच्या गावांतून आणि गोठ्यांतून आलेले असते, ते तोंड धुण्यापुरते. शिदोरीला धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा, गूळ. दही उन्हात आंबते, ते नको. उसाच्या किंवा बाजरीच्या पिकातून वाट जात असेल तर बांधावरून चालावे.

या सगळ्यापेक्षा मला जास्त सांगायचे आहे ते कड्यावरच्या वाड्यांबद्दल. चालण्याचा सगळ्यात चांगला हंगाम, दिवाळी ते जानेवारी, आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या हंगामातच येतो. कोयते निघतात, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. त्या काळात दरीच्या काठावरच्या वाडीत गेलात तर निम्म्या दारांना कुलपे दिसतील आणि ओट्यावर एखादी आजी, दोन नातवंडे आणि शेळ्या. खाली काही झाले तर धावून यायला वाडीत तरणा माणूस नसतो. चार धट्टेकट्टे आपल्यातच हवेत, दोर आपल्याजवळ हवा, चादरीची झोळी करून माणूस उचलायची तयारी आपली हवी. ‘गावकरी येतील’ हा हिशेब हिवाळ्यातल्या बालाघाटात धरता येत नाही, आणि त्यांच्यावर तो भार टाकूही नये.

त्याच वाडीतली आजी सीताफळाची पाटी घेऊन बसलेली असते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिच्यासाठी ती पाटी म्हणजे आठवड्याचा बाजार. दरीतल्या झाडावरची सीताफळे रानातली दिसतात, तरी ती कुणीतरी उतरवून डोक्यावर घेऊन वर आणायची असतात. फेरीत ती तोडू नयेत. वर येऊन विकत घ्यावीत, भाव करू नये.

आणि वाट तिलाच विचारावी. ‘आजी, खालून कुठल्या अंगानं वर येता येतं?’ असे विचारले की ती हात करून सांगते, शेळ्या कुठून येतात, म्हशी कुठून येत नाहीत, कुठली नळी गेल्या पावसात ढासळली. फोनमधल्या नकाशाला यातले काही ठाऊक नसते. नकाशा आधी उतरवून घ्यावा, तो उपयोगी पडतो, पण शेळीची वाट आणि म्हशीची वाट यांतला फरक त्यावर नसतो. म्हैस जाते तिथून माणूस ओझ्यासकट जातो. शेळी जाते तिथून माणूस जाईलच असे नाही.

हे जमायला लागले, तीन-चार हिवाळे पायांखालून गेले, की पुढच्या दऱ्या आहेत. गोदावरी ओलांडून अजिंठ्याला जावे. वाघूर नदीने नालेच्या आकाराची कोरलेली ती दरी लेण्यांसाठी सगळे बघतात. पण लेणी बघून, पूल ओलांडून, समोरच्या डोंगरावरच्या दृश्यस्थळापर्यंत चढून गेलात तर १८१९ च्या एप्रिलात जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला जिथून लेणी दिसली तो सगळा देखावा समोर येतो. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढे लक्षात ठेवावे. सह्याद्रीतल्या सांदण दरीचे व्हिडिओ बघून मात्र लगेच निघू नका. साम्रदहून सांदणमधून पार कोकणात उतरायचे आणि करोली घाटाने वर यायचे, ही मोठी फेरी दोरावरून उतरण्याची, अनुभवी माणसांबरोबर करायची. पावसाळ्यात तर त्या चिंचोळ्या घळीत पाऊलही घालू नये.

निघताना घरी सांगून ठेवावे हे सगळे जण करतात. पण घर चकलांब्यात आणि आपण सौताड्यात. संध्याकाळ झाली तरी घरचे समजतात की वाटेत कुठे चहाला थांबले असतील. म्हणून कड्यावरच्या एका माणसाला सांगून उतरावे, किती जण आहोत, कुठल्या अंगाने वर येणार आणि किती वाजेपर्यंत. आम्ही ते त्या आजीलाच सांगतो. मोटारसायकली तिच्या ओट्यासमोर लावतो. आणि वर आल्यावर, कितीही दमलो असलो तरी, गाडीला किक मारण्याआधी तिच्या दाराशी जाऊन सांगतो, ‘आजी, आलो आम्ही. चारही आलो.’ नाहीतर ती दिवेलागणीनंतरही कड्याकडे बघत बसते.